शब्दांच्या वहीतले बरोबरचे चिन्ह

इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा यावर वाद सुरू झाला की लगेच दोन तट पडतात. एक तट सांगतो, रोज दहा शब्द पाठ करा. अर्थ लिहा, समानार्थी लिहा, विरुद्धार्थी लिहा. वर्षाअखेर साडेतीन हजारांहून जास्त शब्द पदरात. दुसरा तट म्हणतो, ही घोकंपट्टी झाली, भाषा अशी येत नसते. वाचत राहा, ऐकत राहा, शब्द आपोआप येतील. दोघे तळमळीने बोलतात, दोघांकडे आपापले यशस्वी विद्यार्थी असतात, आणि दोघेही पाठांतर करावे की करू नये एवढ्यावरच अडून बसतात. पाठ नेमके काय करायचे, हे कोणी विचारतच नाही.

माझे मत आधीच सांगते. शब्द पाठ करण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो वहीत दोन शब्दांच्या मध्ये काढल्या जाणाऱ्या बरोबरच्या चिन्हाला. 'बिग' बरोबर 'लार्ज' बरोबर 'ह्यूज'. 'आस्क' बरोबर 'रिक्वेस्ट' बरोबर 'डिमांड'. हे चिन्ह गणितात खरे असते. भाषेत ते जवळजवळ नेहमी खोटे ठरते. आणि ते खोटे आहे हे ओळखायला ज्याच्यापाशी दुसरे साधन नसते, त्याचेच ते सर्वांत जास्त नुकसान करते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीने नव्या नोकरीत वरिष्ठांना रजेसाठी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. त्यातली पहिली होती, 'आय डिमांड टू डेज लीव्ह.' वरिष्ठांनी बोलावून घेतले आणि सर्वांसमोर सुनावले. ती संध्याकाळी माझ्याकडे आली ती वही घेऊनच. वहीत 'डिमांड'समोर 'मागणी करणे' असे लिहिले होते आणि खाली समानार्थी म्हणून 'आस्क' आणि 'रिक्वेस्ट'. त्या वहीप्रमाणे तिचे काहीच चुकले नव्हते. मराठीत 'मागणी' हा शब्द किती मवाळ असू शकतो पाहा. मालाला मागणी असते, मुलीला मागणी येते, 'रजेची मागणी केली' असे कार्यालयीन मराठीत कोणीही लिहून जातो आणि कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. इंग्रजी 'डिमांड'ही नाम म्हणून बाजारात अगदी निरुपद्रवी असतो. क्रियापद झाला की मात्र त्यात हक्काचा, कधी धमकीचा सूर येतो. एवढा सगळा फरक त्या वहीत एका चिन्हाखाली गाडला गेला होता. आणि खापर मात्र मुलीवर फुटले.

आपण आपल्याच भाषेत पाहू. शाळेत 'पाणी'चे समानार्थी शब्द विचारले की जल, नीर, उदक, सलिल, तोय असे धडाधड लिहून आपण गुण मिळवले. पण तहान लागल्यावर कोणी कधी सलिल मागितले आहे का? 'जलविद्युत' हा शब्द आहे, 'पाणीविद्युत' नाही. 'पाणीटंचाई' आहे, 'नीरटंचाई' नाही. तोंडचे पाणी पळते, उदक पळत नाही. माणसाचे पाणी जोखतात, तोय नव्हे. हे मराठी मुलाला कोणी समजावून सांगितले? कोणीच नाही. हजारो वाक्यांतून ते कानात मुरले. म्हणूनच समानार्थी शब्दांची यादी त्याला इजा करत नाही; यादी हाती येण्याआधी त्याच्याजवळ वाक्ये होती. इंग्रजीत आपण हा क्रम उलटा करतो. यादी आधी देतो, वाक्ये नंतर देऊ म्हणतो, आणि ते 'नंतर' बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

मरणाचे शब्द तर याहून बोलके आहेत. आजोबा 'वारले', थोर व्यक्तीचे 'निधन झाले', जनावर 'दगावले', जवळचे माणूस नुसते 'गेले'. घटना एकच, पण कोण बोलते आहे आणि गेलेल्याशी त्याचे नाते काय, हे क्रियापदच सांगून टाकते. इंग्रजीतही 'डाय', 'पास अवे', 'पेरिश', 'एक्स्पायर' हे शब्द असेच वेगवेगळ्या घरचे आहेत. 'पेरिश' ऐकला की आग, पूर, बुडालेले जहाज आठवते. 'एक्स्पायर' आज औषधाच्या किंवा परवान्याच्या मुदतीला अधिक लागतो. माणसाला लावला तर कोरडा, कागदी वाटतो. आणि याच गोतावळ्यातला 'स्टार्व्ह' पाहा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ साधा 'मरणे' असा होता. पुढे उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून आलेला 'डाय' रुळला आणि 'स्टार्व्ह' हळूहळू उपासमारीपुरता उरला. दोन शब्द खरोखरच एका अर्थाचे होऊ लागले की भाषा बहुधा त्यांना फार काळ तसे राहू देत नाही. एकाला ती टाकून देते किंवा वेगळे काम देते. मग जे काम भाषेने शतकानुशतके खपून वाटून दिले, ते वहीतल्या एका चिन्हाने पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

इंग्रजीत इतके समानार्थी शब्द का, याला इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीन शतके दरबारात, न्यायालयात फ्रेंच वावरली. विद्वानांची आणि धर्माची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे कित्येक कल्पनांना तीन थरांतले तीन शब्द मिळाले. 'आस्क' देशी, 'क्वेश्चन' फ्रेंचांकडचा, 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. मित्र 'आस्क' करतो, वकील साक्षीदाराला 'क्वेश्चन' करतो, पोलीस संशयिताला 'इंटरॉगेट' करतात. मराठी माणसाला हे परके वाटायचे कारण नाही, कारण आपल्याही भाषेत असेच थर आहेत. 'विनवणी' घरातली, 'याचना' आणि 'निवेदन' संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले, 'अर्ज' अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. कार्यालयात अर्ज देतात, विनवणी नव्हे. याचना मान खाली घालून करतात, निवेदन मान ताठ ठेवूनही देता येते. त्या मुलीला कोणी एवढे जरी सांगितले असते की, बाई गं, 'आस्क', 'रिक्वेस्ट', 'बेग', 'डिमांड' यांच्यात अर्ज, विनंती, याचना आणि हक्काची मागणी यांच्याइतकेच अंतर आहे, तर ती चुकली नसती. मातृभाषेतून अर्थ सांगण्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की इथे मराठीच तिच्या मदतीला आली असती. नडला तो एका शब्दाला एकच शब्द लावून मोकळे होण्याचा आळस.

पाठांतराच्या बाजूने एक भारी युक्तिवाद केला जातो आणि तो मला मनापासून आदराने घ्यावासा वाटतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी अमरकोश हा संस्कृत शब्दकोश मुखोद्गत केला. तोही समानार्थी शब्दांची यादीच आहे, मग यादीला नावे का ठेवता? पण अमरकोश उघडून पाहावा. त्याचे मूळ नावच 'नामलिंगानुशासन'. नाम आणि त्याचे लिंग, दोन्ही शिकवणारा. पाण्याचे शब्द सुरू होतात ते असे: 'आपः स्त्री भूम्नि वार्वारि सलिलं कमलं जलम्'. यातले 'स्त्री भूम्नि' म्हणजे पाणी नव्हे. 'आपः' हा शब्द स्त्रीलिंगी आणि बहुवचनात चालतो, अशी ती सूचना आहे. स्वर्गाच्या नावांतही 'स्वरव्ययं' म्हणून पहिल्याच पावलाला बजावले आहे की 'स्वर्' हे अव्यय आहे, त्याची रूपे चालवू नका. म्हणजे ज्या कोशाचा दाखला आपण यादीच्या समर्थनासाठी देतो, तो कोश शब्दाबरोबर त्याचा वापरही श्लोकात बांधून देत होता. शिवाय तो छंदात होता आणि त्याच्या पाठोपाठ काव्ये वाचायची असत. पाठ केलेला शब्द काव्यात पुन्हा पुन्हा भेटत असे. आजच्या शब्दांच्या यादीत लिंगवचन, छंद आणि काव्य यांतले काय शिल्लक आहे?

छंदाचा मुद्दा किरकोळ नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. अर्थहीन अक्षरगटांच्या माळा पाठ करायच्या आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचे. पाठ केलेले सुरुवातीच्या तासांतच झपाट्याने विरते, हे त्याने दाखवले, आणि ते सगळेजण सांगतात. पण त्याने बायरनच्या कवितेची कडवीही पाठ करून पाहिली होती. त्यांना लागलेले श्रम अर्थहीन माळांच्या सुमारे एक दशांश होते. आता विचार करा, नवख्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने 'ॲब्स्टीमियस', 'ऑब्स्ट्रेपरस', 'रिकॅल्सिट्रंट' अशी यादी अर्थहीन अक्षरगटांपेक्षा कितीशी वेगळी असते?

समानार्थी शब्दांचा इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध कोश पीटर मार्क रोजे या डॉक्टरांचा. १८०५ सालापासून त्यांनी स्वतःच्या लेखनासाठी शब्द गटागटांनी मांडून ठेवले होते. कोश छापला गेला १८५२ मध्ये, तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्यातली रचना अकारविल्हे नव्हती, कल्पनांनुसार होती. विचार मनात आहे पण नेमका शब्द जिभेवर येत नाही, अशा लिहिणाऱ्या माणसासाठी तो कोश होता. त्यात एक गृहीत दडलेले आहे: शब्द दिसला की वाचणारा त्याला ओळखेल, आणि दहांतून योग्य तो निवडेल. निवड करणे हे भाषा येणाऱ्याचे काम. आपण तोच नमुना भाषा न येणाऱ्याच्या हातात दिला आणि वर सांगितले की यातला कोणताही चालेल.

उलट, जे कोशकार अर्थ लिहितात ते स्वतः अर्थ कुठून आणतात? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी शेकडो स्वयंसेवकांनी पुस्तके वाचून चिठ्ठ्या पाठवल्या, आणि चिठ्ठीवर शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य उतरवलेले असे. १८८४ साली पहिला भाग निघाला, १९२८ मध्ये काम पुरे झाले. चाळीसहून अधिक वर्षे माणसे वाक्यांच्या ढिगातून अर्थ निथळून घेत होती. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशातही नुसते प्रतिशब्द नाहीत, वाक्प्रचार आणि म्हणी आहेत. १९५७ साली भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी तर एका वाक्यात सांगून टाकले की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. पाऊस 'हेवी' असतो. मराठीत चूक, प्रयत्न, अभ्यास, गुन्हा या सगळ्यांना 'करणे' पुरते. इंग्रजीत चूक आणि प्रयत्न 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात, गुन्हा 'कमिट' करतात. आणि उलट बाजूने, आपण सदरा घालतो, धोतर नेसतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो, तिथे इंग्रजी एकट्या 'वेअर'वर भागवते. 'वेअर' बरोबर 'घालणे' एवढेच पाठ करून मराठी शिकणारा परदेशी माणूस 'धोतर घातले' म्हणाला तर आपण त्याला लगेच थांबवतो. आपल्याकडच्या इंग्रजी शिकणाऱ्याला थांबवायला शेजारी कोण असते?

विरुद्धार्थी शब्दांची गत याहून वाईट. 'ओल्ड'चा विरुद्धार्थी शब्द कोणता? 'न्यू' लिहिले तर वस्तूंना लागू, 'यंग' लिहिले तर माणसांना. मराठी या जागी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. जुना-नवा वेगळे, म्हातारा-तरुण वेगळे. 'लाइट' वजनात 'हेवी'च्या विरुद्ध, रंगात 'डार्क'च्या. 'हार्ड' गादीबद्दल बोलताना 'सॉफ्ट'च्या विरुद्ध आणि प्रश्नपत्रिकेबद्दल बोलताना 'ईझी'च्या. आपला 'कच्चा' घ्या. कच्च्या फळाच्या विरुद्ध पिकलेले, कच्च्या रस्त्याच्या विरुद्ध पक्का, कच्च्या मसुद्याच्या विरुद्ध अंतिम, गणितात कच्च्या मुलाच्या विरुद्ध हुशार. सुट्या शब्दाला विरुद्धार्थी नसतोच. तो असतो शब्दाच्या एखाद्या विशिष्ट वापराला. आणि सगळे विरोध एका जातीचेही नसतात. 'अलाइव्ह' आणि 'डेड' यांच्या मध्ये जागा नाही, 'हॉट' आणि 'कोल्ड' यांच्या मध्ये कितीतरी पायऱ्या आहेत, आणि 'बाय' व 'सेल' तर एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. 'नॉट हॉट' म्हणजे 'कोल्ड' नव्हे. हे समजले नाही की माणूस भाषेतच नाही, विचारातही चुकतो.

आता पाठांतरवाल्यांचे जे खरे आहे ते खरे म्हणायला हवे. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तक नाही, कानावर इंग्रजी पडत नाही, त्याला यादी हे एकमेव स्वस्त साधन असते. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मातृभाषेतला अर्थ, आणि ठरावीक अंतराने उजळणी, ही रीत शब्दाची पहिली ओळख करून द्यायला उत्तम आहे. 'वाचत राहा, शब्द येतील' हा सल्ला देणाऱ्यांनी हिशेब मांडून पाहिलेला नसतो. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या गणितानुसार, वाचलेल्यातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावेत असे म्हटले तर कादंबरी किंवा वर्तमानपत्रासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कूळ) यावी लागतात. ज्याला दहातला एक शब्द अनोळखी आहे, तो जवळजवळ प्रत्येक ओळीला ठेचकाळतो. त्याला 'संदर्भावरून अर्थ ओळख' सांगणे सोपे आहे, पण संदर्भातलेच शब्द येत नसतील तर तो ओळखणार कशावरून? वाचनाने शब्द येतात हे ज्यांना आधीच पुरेसे शब्द येतात त्यांच्या बाबतीत पूर्ण खरे आहे. बाकीच्यांना तो सल्ला म्हणजे पोहता येत नसलेल्याला खोल पाण्यात सोडणे.

म्हणून यादी हवी. पण कोणती? १९५३ साली मायकेल वेस्ट यांनी इंग्रजीतल्या सुमारे दोन हजार सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात शब्दाच्या प्रत्येक अर्थापुढे तो अर्थ किती प्रमाणात वापरला जातो हेही दिलेले होते. वेस्ट यांनी हयातीतली बरीच वर्षे बंगालमध्ये शिकवले होते. शिकणाऱ्याचा वेळ किती मोलाचा असतो हे त्यांना माहीत असणार. त्यांच्या यादीतले 'गेट', 'टेक', 'पुट', 'सेट' हे शब्द आपल्याला 'येतात' असे आपण गृहीत धरतो आणि 'ऑब्स्ट्रेपरस'च्या मागे लागतो. 'पुट अप विथ', 'पुट ऑफ', 'पुट आउट' यांतला फरक सांगता न येणारे, पण शेकडो दुर्मीळ विशेषणे मुखोद्गत असणारे किती विद्यार्थी मी पाहिले आहेत! त्यांच्या मेहनतीकडे पाहिले की पोटात तुटते, कारण तेवढ्याच तासांत त्यांना बोलता आले असते.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न. स्पर्धा परीक्षांत समानार्थी-विरुद्धार्थी विचारतात, गुण त्यावर ठरतात, मग आम्ही काय करावे, असे मुले विचारतात आणि ते रास्त आहे. पण प्रश्नाचा हा साचा काही दगडावरची रेघ नाही. अमेरिकेतल्या सॅट या प्रवेश परीक्षेने सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणे १९९४ मध्ये बंद केले. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरईतूनही ते २०११ मध्ये गेले. ज्यांच्या प्रश्नपत्रिकांसाठी जगभर जाडजूड याद्या पाठ केल्या गेल्या, त्यांनीच तो प्रकार सोडला. त्यांच्यासाठी बनलेल्या याद्या मात्र अजून विकल्या जातात आणि पाठ होतात. आपल्या परीक्षा बदलेपर्यंतही, वाक्यासकट शिकलेला शब्द परीक्षेत गुण कमी करत नाही. फक्त शब्दांची संख्या कमी दिसते, आणि संख्येचा हा मोह सोडवत नाही.

हा मोह कोणाला महागात पडतो ते मला सर्वांत जास्त सलते. ज्याच्या घरात इंग्रजी बोलली जाते त्याला शब्दाची संगत फुकट मिळते. त्याने यादी पाठ केली काय, न केली काय. जो घरातला पहिलाच शिकणारा आहे, तो मात्र यादीवर पूर्ण विश्वास टाकतो, तीन हजार शब्द पाठ करतो, बोलायला तोंड उघडतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळते की काहीतरी चुकले. काय चुकले हे त्याला कोणी सांगत नाही. तो ठरवतो की आपल्यालाच भाषा येण्यासारखी नाही. एक तट त्याला सांगतो, अजून शब्द पाठ कर. दुसरा सांगतो, वाच. दोघेही त्याच्या वहीत डोकावत नाहीत.

त्या मुलीबरोबर मी तिची वही नव्याने लावायला बसले. रोज दहाऐवजी तीन शब्द. शब्द एकटा लिहायचा नाही, त्याच्या सोबत्यासकट लिहायचा. समानार्थी शब्द लिहायचा असेल तर मध्ये बरोबरचे चिन्ह न काढता एक वाक्य असे शोधायचे ज्यात पहिला बसतो आणि दुसरा बसत नाही. ते सापडले नाही तर तो शब्द अजून आपला झालेला नाही असे समजायचे. पहिल्या आठवड्यात ती वैतागली, तीन शब्दांना तास लागतो म्हणाली. 'रिक्वेस्ट'ने पूर्ण पान घेतले: क्रियापद असेल तर त्यापुढे 'फॉर' येत नाही, नाम असेल तर येतो, 'रिक्वेस्ट लीव्ह', पण 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. तिने आधी लिहिलेला चुकीचा 'फॉर' खोडला होता, पण वाचता येईल असा. 'डिमांड'चे पान तिने नंतर स्वतःच केले आणि मला दाखवायला आणले. त्यावर मराठीत तीन ओळी होत्या. बाजारात, नाम म्हणून: चालतो. रजेसाठी: नाही. ठरलेला पगार देत नसतील तर: हाच.